इको कुठल्या वारी काढला?

डायलिसिस केंद्रातली सोमवारची पहिली शिफ्ट, सकाळचे साडेसहा. काकांनी चपला काढल्या, खिशातला मोबाइल आणि किल्ल्यांचा जुडगा सूनबाईंच्या हातात दिला आणि वजनकाट्यावर चढले. ६१.४. फाइलवर ड्राय वेट (जादा पाणी नसतानाचं वजन) ५८. म्हणजे शुक्रवारपासून जवळपास साडेतीन लिटर पाणी अंगात साठलेलं. काट्यापासून खुर्ची दहा पावलांवर, पण तेवढ्यातही त्यांना एकदा थांबावं लागलं.

सूनबाईंनी पिशवीतून इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट काढला. एका ओळीखाली पेनानं दोनदा रेघ मारलेली. ‘पल्मनरी हायपरटेन्शन, आरव्हीएसपी ६१.’ म्हणजे फुप्फुसांच्या धमनीत वाढलेलं प्रेशर, आणि ६१ हा हृदयाच्या उजव्या बाजूच्या प्रेशरचा वरचा आकडा. रात्री दोनपर्यंत त्या मोबाइलवर वाचत बसल्या होत्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “मॅडम, यात माणूस दोन-तीन वर्षंच काढतो असं लिहिलंय.” काकांचं भलतंच. “अगं, माझं बीपी शंभराच्या वर जात नाही म्हणून तुम्ही माझे पाय उशीवर ठेवता. मग हे हायपरटेन्शन आलं कुठून?”

मी विचारलं, “इको कुठल्या वारी काढला?”

“काल. रविवारी संध्याकाळी गर्दी नसते ना.”

निम्मं उत्तर तिथंच मिळालं होतं. उरलेलं निम्मं सापडायला दोन महिने लागले.

मी ठाण्यातल्या एका डायलिसिस केंद्रात टेक्निशियन आहे, बारा वर्षं झाली. डॉक्टर नाही. निदान करणं, गोळ्या बदलणं माझं काम नव्हे. पण डॉक्टर राउंडला येतात तेव्हा एका खुर्चीपाशी पाच मिनिटं थांबतात आणि आम्ही चार तास तिथंच असतो, त्यामुळे घरी जाताना आठवणारे प्रश्न आमच्या वाट्याला येतात. हा प्रश्न हल्ली फार येतो, कारण इको आता कोपऱ्या-कोपऱ्यावर होतो आणि रिपोर्ट डॉक्टरांच्या आधी घरच्यांच्या फोनवर पोचतो. म्हणून जरा बैजवार लिहिते. काका ओळखू येऊ नयेत इतपत तपशील बदलले आहेत.

दंडावरचं बीपी आणि छातीतलं बीपी

घोडबंदर रोडच्या एखाद्या टॉवरची पंपरूम डोळ्यांसमोर आणा. एक पंप गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवतो, त्याला जोर लागतो. दुसरा शेजारच्या बागेला पाणी सोडतो. त्याला जोर लागत नाही, म्हणून तो हलका असतो आणि त्याच्या नळ्याही पातळ. हृदयात असेच दोन पंप एकाच भिंतीच्या दोन बाजूंना बसवलेत. डावा पंप डोक्यापासून पायाच्या नखापर्यंत रक्त पोचवतो. त्याचं वरचं प्रेशर १२० च्या आसपास, भिंत सेंटिमीटरभर जाड. उजवा पंप तेच रक्त शेजारच्या फुप्फुसांत ढकलतो. त्याचं वरचं प्रेशर २५ च्या आसपास, सरासरी काढली तर १४, आणि भिंत ३ ते ५ मिलिमीटर.

दंडाला पट्टा बांधून आपण मोजतो ते डाव्या पंपाचं प्रेशर. उजव्याचा पट्ट्याला पत्ता लागत नाही. त्यामुळे दंडावर १०० आणि फुप्फुसात ६१ असं एकाच माणसात, एकाच वेळी असू शकतं. ही दोन्ही एकाच साखळीतली कडीही असू शकतात. बागेचा पंप वाढलेल्या प्रेशरपुढे दमला, की फुप्फुसांतून डाव्या पंपाकडे येणारं रक्त कमी होतं आणि मग दंडावरचं बीपीही घसरतं.

आम्हाला हे यंत्रासमोर दिसतं. अजून एक लिटर पाणी काढायचं बाकी असतं, माणूस जांभया द्यायला लागतो, घाम फुटतो, बीपी ८५. आम्ही पाय वर करतो, पाणी काढणं थांबवतो, थोडं सलाइन देतो. माणूस सावरतो, पण तो लिटर अंगातच राहतो. पुढच्या वेळी तो आणखी फुगून येतो, उजव्या पंपावरचा भार वाढलेला असतो आणि बीपी आधीपेक्षा लवकर कोसळतं. ज्याला पाणी काढून घ्यायची सगळ्यांत जास्त गरज, त्याच्याच अंगातून ते निघत नाही.

फुप्फुसांच्या धमनीतलं सरासरी प्रेशर २० च्या वर गेलं की त्याला पल्मनरी हायपरटेन्शन म्हणतात. बरीच वर्षं ही रेघ २५ वर होती. २०१८ मध्ये नीस इथल्या जागतिक परिषदेत ती खाली आणावी असं ठरलं आणि २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी ते स्वीकारलं. इथं एक गल्लत कायम होते. काकांच्या रिपोर्टमधला ६१ हा वरचा आकडा आहे, सरासरी नव्हे. त्याची तुलना २० शी करून हादरू नये. वरच्या आकड्यासाठी नेहमीचं २५ समोर धरावं. तसं धरलं तरी ६१ जास्तच आहे, त्यात वाद नाही.

आता ती दोन-तीन वर्षं. या आजाराचे पाच गट केलेत. पहिल्या गटात फुप्फुसांतल्या बारीक धमन्याच आजारी पडतात. तो दुर्मीळ आणि खरोखर भयंकर प्रकार. १९८० च्या दशकात, त्यावर धड औषधं नव्हती तेव्हा, अमेरिकेत अशा रुग्णांची नोंद ठेवली गेली आणि त्यातून पावणेतीन वर्षांच्या आसपासचा आकडा आला. तो अजून इंटरनेटवर फिरतोय आणि भलत्याच घरांत झोप उडवतोय. दुसरा गट डाव्या हृदयाच्या दुखण्याचा, तिसरा फुप्फुसांच्या आजाराचा, चौथा अडकून राहिलेल्या गुठळ्यांचा. पाचव्यात अनेक कारणांची खिचडी, आणि किडनीच्या आजाराचं नाव तिथं येतं. पण डायलिसिसवरच्या पुष्कळ लोकांचं मूळ प्रत्यक्षात दुसऱ्या गटात निघतं. म्हणजे काकांच्या रिपोर्टवर नाव तेच असलं, तरी सूनबाईंनी वाचला तो आजार वेगळा होता. याचा अर्थ निर्धास्त राहावं असाही नाही. डायलिसिसच्या रुग्णाला हे प्रेशर असेल तर धोका वाढतो, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. पण कारण सापडलं तर पुष्कळदा करण्यासारखंही काही असतं.

पेपर नॅपकिनवरचं गणित

एका परिषदेत जेवणाच्या रांगेत उभी असताना एका हृदयरोगतज्ज्ञांनी मला हे पेपर नॅपकिनवर काढून दाखवलं होतं. बारा वर्षांत याच्याइतकं उपयोगी दुसरं काही शिकले नाही.

फुप्फुसातलं सरासरी प्रेशर = रक्ताचा ओघ × नळ्यांचा अडथळा + डाव्या बाजूकडून मागे येणारं प्रेशर.

धडधाकट माणसात मिनिटाला ५ लिटर ओघ, अडथळा १, मागचं प्रेशर ९. पाच एके पाच अधिक नऊ, १४. वर म्हटलं तेच १४.

आता एकेक आकडा हलवून बघा. अंगात पाणी साठलं, डावं हृदय फुगलं आणि मागचं प्रेशर ९ चं २० झालं. ओघ तोच, अडथळा तोच, बेरीज २५. फुप्फुसांच्या नळ्यांना काहीही न होता माणूस रेघेच्या पलीकडे. आता पाणी ठीक आहे, पण ओघ साडेसात लिटर झालाय असं धरा. बेरीज साडेसोळा. निरोगी फुप्फुस एवढं निभावतं, कारण त्यात एरवी बंद असलेल्या पुष्कळ नळ्या असतात. गर्दी झाली की जादा खिडक्या उघडाव्यात तशा त्या उघडतात. आणि आता तिन्ही थोडेथोडे बिघडले. ओघ साडेसात, अडथळा २, मागे १८. बेरीज ३३. यातला एकही आकडा एकट्यानं बघितला तर कुणी दचकणार नाही.

डायलिसिसच्या माणसाचं दुर्दैव असं, की त्याच्यात हे तिन्ही बिघडायला कारणं असतात.

मागून येणारं प्रेशर: पाणी आणि कडक झालेलं हृदय

तीन हात नाक्यावर सिग्नल अडला की रांग मागे पसरत जाते. मागे उभ्या असलेल्या गाड्यांत काही बिघाड नसतो. डावं हृदय पुढे रक्त घेईना झालं की फुप्फुसात तसंच होतं.

ते का घेईना होतं? वर्षानुवर्षांच्या वाढलेल्या बीपीनं डाव्या पंपाची भिंत जाड आणि ताठ झालेली असते. ती आकुंचन पावते बरी, पण सैल पडत नाही. इको रिपोर्टवर ‘पंपिंग ६० टक्के’ बघून लोक निश्चिंत होतात. तो आकडा हृदय रक्त किती फेकतं ते सांगतो, किती सहज भरतं ते नाही. अशा ताठ पंपात वरचं लिटरभर पाणी आलं तरी प्रेशर एकदम चढतं. झडपेभोवती कॅल्शियम साठलं असेल तर आणखी.

पाण्याबद्दल इतकंच सांगते, की तहान मिठाच्या मागून येते. सलाइनच्या बाटलीवर ०.९ टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे लिटरला ९ ग्रॅम मीठ. शरीर साधारण त्याच प्रमाणात मीठ सांभाळतं. तुम्ही ९ ग्रॅम मीठ खाल्लं आणि लघवी होत नसेल, तर शरीर तुमच्याकडून लिटरभर पाणी वसूल करणारच. मग ग्लास मोजून काय उपयोग? दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळं मिळून जेमतेम एक चहाचा चमचा मीठ. त्यात लोणच्याची फोड, पापड, मिसळीवरचं फरसाण, सुकट-बोंबील सगळं आलं. मधुमेह असेल तर वाढलेली साखरही तहान लावते. सैंधव खाल्लं तर चालतं हा गैरसमज आहे, तेही मीठच. आणि दुकानात ‘लो सोडियम’ म्हणून मिळतं त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम भरलेलं असतं. डायलिसिसच्या माणसाला ते जिवावर बेतू शकतं. घरात ठेवूच नका.

काकांच्या बाबतीत आणखी एक भानगड होती, आणि ती आमच्याही नजरेतून सुटली होती. त्यांचं ड्राय वेट वर्षभर ५८ वरच होतं. बुधवारी मी त्यांच्या मनगटावरचं घड्याळ बघितलं. पट्टा शेवटच्या भोकात आणि तरी घड्याळ कोपराकडे घसरतंय. “काका, हे कधीपासून?” म्हणाले, “दिवाळीपासून. भूकच नाही.” म्हणजे मांस उतरलं होतं, काटा मात्र ५८ च दाखवत होता. मधला फरक कशानं भरला? पाण्यानं. दर वेळी त्यांना घरी सोडताना आम्ही ‘ड्राय वेट गाठलं’ असं फाइलवर लिहीत होतो आणि माणूस दोन-अडीच किलो पाणी घेऊन वर्तकनगरचे तीन मजले चढत होता.

ओघ: हातातला फिस्टुला

डायलिसिसला मिनिटाला ३०० मिलिलिटरच्या आसपास रक्त बाहेर काढून परत द्यावं लागतं. साध्या शिरेत तेवढा जोर नसतो. म्हणून हाताची धमनी आणि शीर एकमेकींना जोडतात. हाच फिस्टुला. ही युक्ती न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या माजी सैनिकांच्या इस्पितळात ब्रेशिया, सिमिनो आणि सहकाऱ्यांनी काढली आणि १९६६ मध्ये प्रसिद्ध केली. हातावर कान ठेवला की घूं घूं ऐकू येतं ते हेच.

एरवी धमनीतलं रक्त केसासारख्या नळ्यांच्या जाळीतून झिरपत जातं. फिस्टुलानं ती जाळी टाळून थेट बायपास काढलेला असतो. चांगल्या फिस्टुलातून मिनिटाला ६०० ते १५०० मिलिलिटर रक्त वाहतं, काहींतून दोन लिटरपेक्षाही जास्त. हे रक्त हृदयाला नेहमीच्या पाच लिटरांवर जास्तीचं फिरवावं लागतं. यंत्राला हा ओघ आठवड्यातून १२ तास हवा असतो. फिस्टुला १६८ तास वाहतो. मनगटापेक्षा दंडातल्या फिस्टुलाला ओघ सहसा जास्त असतो, आणि काकांचा दंडातलाच होता.

फिस्टुला बोटानं दाबला की नाडी मंदावते. ही खूण निकोलादोनीनं १८७५ मध्ये आणि ब्रॅनहमनं १८९० मध्ये टिपून ठेवली होती. या दोघांचं नाव लागलेली ही तपासणी डॉक्टर खुर्चीपाशी अर्ध्या मिनिटात करतात. नाडी ठळकपणे उतरली तर हृदयाला त्या फिस्टुलाचा चांगलाच भार होता असं समजतात. घरी दाबून बघू नका. गुठळी झाली तर फिस्टुला जाईल, आणि मग मानेत कॅथेटर, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेली नळी.

फुप्फुसाच्या प्रेशरचा आणि फिस्टुलाचा संबंध इस्रायलच्या हैफामधल्या डॉक्टरांनी २००३ मध्ये नीट मांडला. त्यांच्या ५८ हिमोडायलिसिस रुग्णांपैकी सुमारे ४० टक्क्यांना इकोवर हे प्रेशर सापडलं. काहींचा फिस्टुला थोडा वेळ दाबून बंद केला तर प्रेशर उतरलं, किडनी बदलल्यावरही बऱ्याच जणांचं उतरलं. पुढे जगभरच्या अभ्यासांत टक्केवारी खूप वेगवेगळी आली. त्यातला बराचसा फरक रेघ कुठे धरली आणि इको कोणत्या दिवशी काढला यामुळे पडतो, असं माझं मत. ऑस्ट्रेलियातल्या अॅडलेडच्या डॉक्टरांनी २०१९ मध्ये दाखवलं, की बदललेली किडनी व्यवस्थित चालू असलेल्या लोकांचा जुना फिस्टुला बंद केला तर डाव्या हृदयाचं वाढलेलं मांस कमी होतं.

हे वाचून कुणी सर्जनकडे फिस्टुला बंद करायला जाऊ नये. बहुतेक लोकांचं हृदय फिस्टुला वर्षानुवर्षं पेलतं, आणि त्याऐवजी येणाऱ्या कॅथेटरमुळे होणाऱ्या जंतुसंसर्गानं मी जितकी माणसं आयसीयूत गेलेली बघितली, तितकी फिस्टुलामुळे नक्कीच नाही. ओघ खरंच डोईजड असेल, म्हणजे दीड-दोन लिटरच्या पुढे किंवा हृदयाच्या एकूण ओघाच्या ३० टक्क्यांच्या आसपास, आणि सोबत दम, सूज अशी लक्षणं असतील, तर सर्जन तो बांधून थोडा अरुंद करतात. नळ बंद न करता थोडा आवळायचा.

अडथळा

तिसरा आकडा इथं थोडक्यात. किडनी नसली की रक्तात काही द्रव्यं साठतात, त्यांच्यामुळे नळ्यांना सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड कमी तयार होतो आणि आवळणारी द्रव्यं वाढतात. नळ्यांच्या भिंतीत कॅल्शियम बसतं. जादा खिडक्या उघडण्याची फुप्फुसाची सोय त्यामुळे आक्रसते. वर विडी, झोपेत घोरून श्वास अडणं, जुना दमा. आणि गुठळ्या. वारंवार कॅथेटर बसलेल्या किंवा फिस्टुला सतत बंद पडणाऱ्या माणसात त्या फुप्फुसात जाऊन अडकल्यात का, हे बघायला हवं, कारण त्या प्रकाराचा इलाज अगदी वेगळा.

इको मोजतो कसा, आणि वार का विचारायचा

इको प्रेशर थेट मोजत नाही, अंदाज बांधतो. उजव्या हृदयाच्या झडपेतून थोडं रक्त मागे उडतं, त्या फवाऱ्याचा वेग डॉप्लर, म्हणजे इकोमधली वेग मोजायची सोय, पकडतो. वेगाचा वर्ग करायचा, चारनं गुणायचं, आणि त्यात उजव्या कप्प्यातल्या प्रेशरचा अंदाज मिळवायचा. काकांचा वेग सेकंदाला ३.४ मीटर. ३.४ चा वर्ग ११.५६, गुणिले चार, ४६. पोटातली मोठी शीर टम्म फुगलेली आणि श्वासाबरोबर मिटत नव्हती, म्हणून वर १५. झाले ६१.

आता बघा, या बेरजेतले १५ सरळसरळ पाण्याचे आहेत. ४६ मध्येही पाण्याचा वाटा आहे, कारण मागचं प्रेशर वाढल्यानं फवारा जोरात उडतो. आणि काढला कधी? शुक्रवारी डायलिसिस झालेल्या माणसाचा रविवारी संध्याकाळी, आठवड्यातल्या सर्वांत लांब खंडाच्या शेवटाकडे. हा दोन दिवसांचा खंड डायलिसिसच्या लोकांना सर्वांत जड जातो हे सगळ्यांना माहीत आहे. मग फुप्फुसाची परीक्षा त्याच वेळी कशाला घ्यायची? तो इको चुकीचा नव्हता. त्या संध्याकाळी काकांच्या छातीत खरंच ६१ होते. पण त्यातून एवढंच कळत होतं, की त्या संध्याकाळी काका पाण्यानं भरलेले होते.

डायलिसिस नुकताच संपलाय आणि माणूस पिळून निघालाय, तेव्हाही नको. आठवड्याच्या मधल्या डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी, ड्राय वेटच्या जवळपास असताना काढावा. सोम-बुध-शुक्रवाल्यांचा गुरुवार, मंगळ-गुरु-शनिवाल्यांचा शुक्रवार. पुढचे इकोही त्याच वारी, म्हणजे एकमेकांशी ताडून बघता येतील. तपासणाऱ्याला शेवटचा डायलिसिस कधी झाला, आधीचं-नंतरचं वजन किती आणि फिस्टुला कुठल्या हाताला आहे हे आपण होऊन सांगा. दम लागून रात्री बसून काढावी लागत असेल तर मात्र वार बघत बसू नका. ती तातडीची गोष्ट आहे, थेट रुग्णालय गाठायचं.

गुरुवारच्या इकोतही आकडा चढाच आला आणि कारण उलगडेना, तर उजव्या हृदयाचं कॅथेटरायझेशन करतात. मानेतून किंवा जांघेतून बारीक नळी फुप्फुसाच्या धमनीपर्यंत नेऊन नॅपकिनवरचे तिन्ही आकडे खरोखर मोजतात. प्रत्येकाला ते लागत नाही. किडनी बदलायची आहे आणि प्रेशर फार आहे, किंवा फुप्फुसाची खास औषधं द्यायचा विचार आहे, तेव्हा लागतं.

त्या औषधांबद्दल. सूनबाईंना कुणीतरी व्हॉट्सअॅपवर सिल्डेनाफिल, म्हणजे फुप्फुसाच्या नळ्या सैल करणारं औषध, सुचवलं होतं. पहिल्या गटात ते कामाचं. पण डाव्या हृदयामुळे प्रेशर वाढलं असेल तर पुढचा सिग्नल बंद असताना मागून आणखी गाड्या सोडण्यासारखं होतं, फुप्फुसात पाणी भरू शकतं. आणि छातीत दुखतं म्हणून सॉर्बिट्रेट चालू असेल, तर दोन्ही मिळून बीपी धोकादायक घसरतं. काकांच्या खिशात सॉर्बिट्रेट होतीच.

काकांचं काय झालं

डॉक्टरांनी ड्राय वेट उतरवायला घेतलं, पण घाईनं नाही. तासाला किलोमागे १३ मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी ओढू नये असा एक ढोबळ नियम आहे. ५८ किलोच्या माणसाला चार तासांत ते जेमतेम ३ लिटर होतं, आणि काका साडेतीन घेऊन येत. म्हणून काही आठवडे शनिवारी एक जादा फेरी, बाकीच्या वेळी साडेचार तास. द्रवाचं तापमान अर्ध्या-एक अंशानं कमी ठेवलं, त्यानं बीपी टिकतं. काका कुडकुडायचे, घरून शाल आणायचे आणि मला शिव्या द्यायचे. हिमोग्लोबिन ८ च्या खाली होतं. हिमोग्लोबिन कमी असलं की हृदय ओघ वाढवून भरपाई करतं, म्हणजे नॅपकिनवरचा पहिला आकडा पुन्हा वर. रक्त वाढवणारं ईपीओचं इंजेक्शन आणि लोह देऊन ते दहाच्या वर आणलं. साडेअकराच्या पुढे मुद्दाम नेत नाहीत, त्यात गुठळ्यांचा धोका असतो. घरी लोणच्याची बरणी शेजारी गेली. गणपतीत विसर्जनाच्या दिवशी रस्ते बंद म्हणून डायलिसिस बुडवायचा त्यांचा शिरस्ता होता. यंदा आम्ही त्यांना आदल्या दिवशी बोलावून घेतलं.

किडनी बदलण्याचा विषय त्यांनी वयाचं कारण सांगून झटकला होता, तो डॉक्टरांनी परत काढला. किडनी बदलल्यावर हे प्रेशर पुष्कळांचं उतरतं. पण ते फार वाढू दिलं तर भूल आणि शस्त्रक्रियेचा धोका वाढतो, तेव्हा यादीत जायचं तर वेळेत जावं. ठाण्यातल्या माणसाची नोंद प्रत्यारोपण केंद्रामार्फत मुंबईच्या झेडटीसीसीकडे, म्हणजे अवयव-वाटप बघणाऱ्या समितीकडे होते. काका अजून ‘बघू’ म्हणतात. पोटाच्या डायलिसिसला फिस्टुला लागत नाही, त्याचाही विचार झाला. घरात तेवढी जागा नाही म्हणून तो मागे पडला.

दोन महिन्यांनी पुन्हा इको. वेग २.९, पोटातली शीर बरीचशी मिटलेली म्हणून १५ ऐवजी ८. ३४ अधिक ८, ४२. म्हणजे ६१ मधले १९ पाणी नेऊन गेलं, उरलेल्याला ताठ हृदय आणि दंडातला फिस्टुला जबाबदार असावेत. फिस्टुलाच्या ओघाचं डॉप्लर पुढच्या आठवड्यात आहे, आवळायचा की नाही ते त्यावर ठरेल. काका तिसऱ्या मजल्यापर्यंत आता एकदाच थांबतात, दुसऱ्या मजल्यावर, आणि तेही तिथल्या आजोबांशी बोलायला म्हणून, असं त्यांचं म्हणणं.

रिपोर्ट या वेळी सूनबाईंनी नुसताच माझ्यापुढे धरला. वरच्या कोपऱ्यात पेनानं लिहिलं होतं: गुरुवार, डायलिसिसनंतर २० तास, वजन ५६.१, फिस्टुला डावा दंड.